संधी हेरणारी नजर: सांगलीत मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर हरिपूर, सासर तासगाव तालुक्यातलं. बावीस वर्षं झाली, सांगलीत शेतीच्या पाइप-फिटिंगचं दुकान चालवते. दुकानात येणारी पोरं-पोरी, त्यांचे आईवडील, कधी नुसतेच सावलीला टेकलेले लोक एकच विषय फिरवून फिरवून काढतात. "काकी, दुसऱ्याला जे दिसतं ते आपल्याला का दिसत नाही?" तोंडी उत्तरं देऊन ती विसरली जातात, म्हणून यावेळी लिहून काढली.

संधी 'दिसते' म्हणजे नेमकं काय होतं?

लहानपणी वडिलांबरोबर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जायचे. वडील ढिगापाशी वाकायचे, एक हळकुंड उचलायचे आणि दोन्ही हातांच्या बोटांत धरून कट्कन मोडायचे. मोडताना मान कलती, कान हळकुंडाकडं. आवाज खणखणीत आला तर माल नीट वाळलेला. दबका आला तर आत ओल. मग मोडलेल्या तोंडाचा रंग उजेडात धरून बघायचे, त्यावर नख ओढायचे आणि ढीग सोडून पुढं जायचे किंवा तिथंच थांबायचे. सगळं मिळून चार-पाच सेकंद. मी त्याच ढिगाकडं बघायचे आणि मला पिवळा ढीग दिसायचा.

आमच्या दोघांचे डोळे सारखेच होते. वडिलांच्या डोळ्यांमागं तीस वर्षांची हळद होती. समोरच्या वस्तूतून काय वेचायचं आणि काय सोडायचं हे आपल्या आत आधीपासून साठलेलं असतं त्यावर ठरतं. यालाच मी नजर म्हणते. आणि ढीग चांगला आहे एवढं कळूनही भागत नाही. तो घेऊन करायचं काय, कुणाला द्यायचा, किती दिवस ठेवायचा, हेही मनात असावं लागतं. ती दृष्टी. नजर 'आत्ता काय आहे' ते सांगते, दृष्टी 'इथं काय होऊ शकतं' ते सांगते. या दोन्हींच्या मधे जी जागा सापडते तिला आपण संधी म्हणतो.

पण डोळ्यासमोरची गोष्ट दिसत नाही, असं खरंच होतं का?

होतं, आणि हुशार माणसांचंही होतं. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला. लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. काही खेळाडू एकमेकांकडं चेंडू टाकतायत. पांढऱ्या सदऱ्यातल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा टाकला ते मोजायचं, एवढंच काम. मधेच गोरिलाचा वेष घातलेलं माणूस चालत येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो गोरिला दिसलाच नाही. डोळे पडद्यावरच होते, पण लक्ष मोजण्यात अडकलं होतं.

आपण सगळेच दिवसभर काहीतरी मोजत असतो. उधारी, ऊसबिल, पोरांचे मार्क. मोजायचं सोडा असं मी म्हणत नाही, ते सोडून घर चालत नाही. पण दिवसातून थोडा वेळ तरी न मोजता बघावं. आमच्या तासगाव भागाला ज्या द्राक्षानं नाव दिलं त्या तास-ए-गणेशचंच घ्या. ती परदेशातून आणलेली जात नव्हे. थॉमसन सीडलेसच्या बागेतल्याच, इतरांपेक्षा वेगळ्या दिसलेल्या वेलीची ती निवड आहे. हजारो वेलींत एक वेगळी आहे हे दिसायला कुणीतरी बागेत नुसतं घड न मोजता फिरलेलं असणार.

एकच गोष्ट दोघांना वेगवेगळी का दिसते?

स्कॉट शेन नावाच्या अभ्यासकानं २००० साली यावर फार चांगलं काम केलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत थ्रीडी प्रिंटिंगचं एक तंत्र तयार झालं होतं. त्या एकाच तंत्रावर आठ निरनिराळे उद्योग उभे करू पाहणाऱ्यांचा त्यांनी माग काढला. प्रत्येकाला त्यात वेगळी संधी दिसली होती, आणि जी दिसली ती त्याच्या आधीच्या कामातून आलेली होती. दुसऱ्याला सुचलेला उपयोग पहिल्याला सुचला नव्हता.

आपल्या गावातलं उदाहरण याहून जुनं आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे नाट्यखेळ सांगलीत झाले. ते बघायला गर्दी झाली असेल, लोक खूश होऊन घरी गेले असतील. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना मात्र तो खेळ बघताना वाटलं, हे मराठीत व्हायला हवं. त्यांनी ते काम विष्णुदास भाव्यांवर सोपवलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' झालं आणि मराठी रंगभूमीचा तो पहिला दिवस ठरला. खेळ सगळ्यांनी एकच पाहिला होता.

शिक्षण फार नाही. मग आमची नजर कशी तयार होणार?

हाताला कुठलं काम आहे? तिथून सुरुवात करा.

मिरजेला दर्ग्याच्या भागात तंतुवाद्यं करणाऱ्यांची दुकानं आहेत. ही कारागीर घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले घडवायचे, त्यांना पाणी द्यायचं, धार लावायची हे त्यांचं काम. संस्थानी लढायांचा काळ सरला आणि शस्त्रांची मागणी आटली. त्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी दुरुस्त करायला, मग घडवायला घेतल्या. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा, दोघांनाही २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

एकदा भाचीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करून घ्यायला, तिथं गेले होते. कारागिरानं घोडीवर कानस फिरवली, अगदी हलकी, दोन-तीनदाच. तार छेडली. पुन्हा कानस. मग तार आणि घोडी यांच्यामधे एक रेशमी दोरा सरकवला आणि केसभर पुढं, केसभर मागं करत राहिला. आधी तार कोरडी वाजत होती. एका जागी दोरा आला आणि आवाज एकदम उमलला, गुंजायला लागला. मी विचारलं, हे कळतं कसं? तो म्हणाला, "कानाला कळतं, मग बोट थांबतं." धार लावणाऱ्याचा हातही असाच कुठं थांबायचं ते ओळखत असणार. हातातलं कसब तेच राहिलं, वस्तू बदलली. तुम्हीही 'मी काय बनवतो' याऐवजी 'माझ्या हाताला नेमकं काय कळतं' हे विचारून बघा. शिवणकाम करणाऱ्या बाईला माप कळतं, गवंड्याला ओळंबा कळतो, दूध घालणाऱ्याला पहाटे कोण जागं असतं ते कळतं. यातलं काहीच मार्कशीटवर येत नाही, पण शेनच्या त्या आठ जणांची शिदोरी हीच होती.

आमच्या भागात काहीच स्कोप नाही. पुण्याला गेल्याशिवाय इलाज आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरा त्रास असतो. त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

मिरज-पंढरपूर रस्त्यानं नागजकडं निघा. ऊस मागं पडतो, माळ लागतो, वारा कोरडा होतो. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लोकांनी या कोरडेपणाला शिव्या दिल्या आणि त्या रास्तच होत्या. आज त्याच माळावर बेदाण्याच्या शेड ओळीनं उभ्या दिसतात. द्राक्ष डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढायचं, रॅकवर पसरायचं, आणि दोन-अडीच आठवड्यांत सावलीत बेदाणा तयार. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. त्याला लागतं काय? कोरडी हवा आणि वाहता वारा. जिथं द्राक्ष पिकतं तिथंच ते चांगलं वाळतं असं नाही, हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी माळाची जमीन नव्यानं पाहिली. माळ होता तसाच होता.

आता माझं हरिपूर. तिथल्या मातीत पेवं होती. जमिनीत वीस फुटांच्या आसपास खोल, तोंड निमुळतं, पोट मोठं. आत हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हवा नाही, त्यामुळं कीड नाही. वर्षानुवर्षं हळद टिकायची. पेव उघडलं की आत लगेच कुणी उतरायचं नाही, कोंडलेली हवा बाहेर पडू द्यायची, मगच माणूस खाली. कृष्णा-वारणेच्या संगमाकाठच्या या मातीचा गुण कुणीतरी ओळखला म्हणून पायाखालची जमीनच गोदाम झाली आणि सांगलीच्या हळदपेठेला बळ आलं. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, त्यानंतर माल वखारींत आणि शीतगृहांत जायला लागला. माझ्या वडिलांना त्याचं फार वाईट वाटलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पेवांचीच आठवण काढली.

आणि बाहेर जाण्यालाही मी नावं ठेवणार नाही. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं बाहेर पडली आणि देशभर सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात पसरली. जुने दागिने वितळवून शुद्ध धातू काढून देण्याचं काम. एक माणूस परगावी बस्तान बसवायचा, मग भाच्याला न्यायचा, पुतण्याला न्यायचा. त्या भाच्याला स्वतःला काही हेरावं लागलं नव्हतं, मामाची नजर त्याला उसनी मिळाली. उसनी नजर घेण्यात कमीपणा नाही. जाताना मात्र 'इथं काही नाही म्हणून' जाऊ नका, 'तिथं अमुक आहे म्हणून' जा. दोन्ही पोरं एकाच एसटीनं पुण्याला उतरतात, पण दुसऱ्याला कुठला पत्ता विचारायचा ते ठाऊक असतं.

दृष्टी म्हणजे मोठं स्वप्न बघायचं का? भिंतीवर गाडी-बंगल्याचे फोटो लावायचे का?

फोटो लावा, हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं यावर प्रयोग केले. नुसतं गोड चित्र रंगवत बसणाऱ्यांचा जोर उलट कमी होतो, असं त्यांना दिसलं. मनाला वाटतं, पोचलोच. चित्राच्या शेजारी आड येणारी अडचण मांडली की माणूस हालचाल करतो.

माझ्या मते दृष्टी म्हणजे कुणाचं तरी भलं व्हावं अशी ठाम, नेमकी इच्छा. कर्मवीर भाऊराव पाटील ओगले काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. तेच रस्ते इतर विक्रेतेही तुडवत होते. त्यांना गिऱ्हाईक दिसलं. भाऊरावांना पारावर बसलेली, शाळेत न गेलेली पोरं दिसली. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढं साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह उभं राहिलं. विक्रीच्या फिरतीत त्यांना शाळा दिसली, कारण आत ती तळमळ आधीच होती. म्हणून 'मला काय व्हायचंय' हा प्रश्न अडला तर 'मला काय बघवत नाही' हा विचारा. त्याचं उत्तर लवकर येतं.

हे सगळं नशिबावर नाही का?

काही अंशी आहे. कुठल्या घरात जन्मलो, पाट आपल्या शेतावरून गेला की नाही, हे आपल्या हातात नाही आणि ज्याला मिळालं नाही त्याला दोष देणं अन्याय आहे. पण रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञानं स्वतःला नशीबवान आणि कमनशिबी समजणाऱ्या लोकांना एक वर्तमानपत्र देऊन त्यातले फोटो मोजायला लावले. दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, मोजायचं थांबवा, यात ४३ फोटो आहेत. नशीबवान म्हणवणाऱ्यांच्या नजरेला ते जास्त पडलं. कमनशिबी म्हणवणारे मोजत राहिले.

मला दिसतंय, पण घरच्यांना आणि लोकांना पटत नाही. काय करू?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लाकडी नांगरानं जमीन वरवर उकरली जाते आणि खोल नांगरट हवी, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण ज्याची जमीन आहे त्याची भीती खोटी नव्हती. वर्षभराचं पीक पणाला लागणार होतं ते त्याचं.

पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट असलेला. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. तो माळ बघून 'इथं कारखाना' म्हणणाऱ्या माणसाला वेड्यात काढणारे कमी नसतील.

म्हणून घरच्यांशी वाद घालू नका. त्यांना पणाला काय लावावं लागतंय ते आधी विचारा आणि ते कमी करा. एकरभर नको, दोन सऱ्या द्या म्हणावं. एका हंगामापुरतं. आमच्या सासऱ्यांना ठिबक पटायला तीन वर्षं लागली. पटलं ते माझ्या बोलण्यानं नाही, बांधाला लागून ठेवलेल्या चार सऱ्यांनी.

पाच वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. आता सगळं वाया गेलं का?

नाही. मी हे धीर द्यायला म्हणत नाही. दुकानात असा एक मुलगा यायचा, मान खाली घालून. मी त्याला एकदा अनुदानाच्या अर्जाचा कागद वाचायला दिला. त्यानं दहा मिनिटांत सातबारा, आठ-अ, कोटेशन, कुठल्या क्रमानं काय जोडायचं ते सांगितलं. आमचे निम्मे गिऱ्हाईक त्याच कागदापाशी अडतात. सरकारी भाषा सरळ करून सांगणं ही त्याची पाच वर्षांची कमाई होती, पण निकालाच्या यादीतच स्वतःला शोधल्यामुळं त्याला ती दिसत नव्हती.

संकटात संधी असते म्हणतात. खरं आहे?

२०१९ च्या महापुरात पाणी घरात घुसलेल्या माणसासमोर हे वाक्य बोलू नये. दुसऱ्याच्या अडचणीत भाव वाढवणं याला संधी म्हणत नाहीत, लुबाडणं म्हणतात. पाणी ओसरल्यावर ज्यांनी पंपाच्या भिजलेल्या मोटारी वाळवून, बेअरिंग बदलून रास्त दरात चालू करून दिल्या त्यांच्याकडं लोक अजून जातात. एवढंच सांगते.

मला दिसतेय ती खरी संधी की भास, हे कसं ओळखू?

ज्याला गरज आहे असं तुम्ही म्हणता, त्या तीन माणसांची नावं सांगा. "मार्केट मोठं आहे" हे उत्तर चालत नाही. ती माणसं आज त्या अडचणीवर काय जुगाड करतायत आणि त्यावर किती खर्च करतायत ते जाऊन विचारा. काहीच करत नसतील तर बहुधा अडचण त्यांना टोचत नाही. आणि जिथं आधी तुमच्याकडूनच पैसे भरून घेतात, मग नातेवाइकांना आणायला सांगतात, तिथून उठून या.

तुमच्या हातून कधी सुटली का? आणि नजर तयार करायला रोज काय करायचं?

सुटली. बेदाण्याच्या हंगामात शेडवाले दुकानात येऊन शेडला लावायची हिरवी जाळी मागायचे. मी म्हणायचे, "ते आमच्याकडं मिळत नाही." दोन हंगाम मी हे वाक्य म्हणत राहिले. तिसऱ्या वर्षी आमच्याच रांगेत एकानं जाळीचं दुकान टाकलं आणि माझीच गिऱ्हाइकं दाराशी उभी राहून मला त्याचा पत्ता विचारायला लागली. त्या रात्री मला झोप आली नाही. कुणी लपवलेलं नव्हतं, शंभरदा येऊन माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळकरी शंभर पानी वही घेतली. तिला आम्ही 'नाही'ची वही म्हणतो. दिवसभरात कुणालाही 'नाही' म्हटलं की लिहायचं: काय मागितलं, कुणी, कुठल्या गावचं. लगेच विचार करायचा नाही, फक्त लिहायचं. महिन्याच्या शेवटी बसून जे पुन्हा पुन्हा आलंय त्याखाली रेघ मारायची. दुकान नसेल तर दुसऱ्यांचं 'नाही' ऐका. बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर, दवाखान्यात बाकावर बसून.

एका वर्षी एकच नोंद अकरा वेळा आली: "घरी येऊन बसवून देईल असं कुणी आहे का?" टाकीचे नळ, बाथरूमचं फिटिंग, किरकोळ कामं, ज्यांना मोठा मिस्त्री येत नाही. त्या वेळी आयटीआय झालेली एक मुलगी माझ्याकडं नोकरी मागत होती. मी तिला नोकरीऐवजी ते पान दाखवलं. आता ती स्कूटीवर पान्याची पिशवी टाकून विश्रामबागपासून कुपवाडपर्यंत जाते.

गेल्या महिन्यात ती स्वतःची वही घेऊन आली. पहिल्याच पानावर सात नोंदी होत्या. त्यातली एक अशी: "दुपारी घरात एकटीच असते, पुरुष मिस्त्री आला तर दार उघडायला नको वाटतं." खाली चार वेगवेगळ्या कॉलन्यांची नावं. बावीस वर्षं मी काउंटरवर बसलेय, बाई आहे, आणि हे मला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. तिला दारात सांगितलं. तिनं दोन मैत्रिणींना काम शिकवायला घेतलंय, आणि पान्यांचा तिसरा संच परवाच आमच्या दुकानातून नेला.